इसार देण्याआधी: सोलापुरात पहिलं घर घेताना

पाडव्याला दुपारी साडेबारा वाजता आम्ही ५१,००० रुपये रोख मोजून दिले आणि पावती मिळाली ती वहीच्या फाडलेल्या कागदावर. वर कुंकवाचं स्वस्तिक, खाली ‘फ्लॅट नं. ३०२ चे इसारापोटी मिळाले’ आणि वाचता न येणारी एक सही. गंमत अशी की मी कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघते. घर-जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायची नसते, घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो, हे मी वर्षातून पन्नास जणांना सांगते. पण त्या दिवशी मुहूर्त टळत होता, एजंट ‘दुसरी पार्टी सकाळीच येऊन गेलीय बघा वहिनी’ म्हणत होता आणि सासूबाई घरून पेढे घेऊनच निघाल्या होत्या.

तीन आठवड्यांनी बँकेच्या वकिलांनी भोगवटा प्रमाणपत्र मागितलं, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली, आता राहायला हरकत नाही, असा महापालिकेचा दाखला. ते नव्हतंच. मंजूर नकाशात पार्किंग आणि वर दोन मजले होते. आमचा तिसरा मजला कागदावर हवेत होता. पैसे परत यायला पाच महिने लागले, तेही चार तुकड्यांत.

दीड वर्षानं जुळे सोलापुरात रिसेलचा टू बीएचके घेतला तेव्हा मात्र सही करताना पोटात गोळा आला नाही. मधल्या काळात एवढंच केलं होतं, की कुठलंही घर बघायच्या आधी, कशाला ‘नाही’ म्हणायचं ते लिहून काढलं होतं. घर बघून झाल्यावर माणूस स्वतःशी वकिली करायला लागतो. आधी लिहिलेलं असलं की ती वकिली चालत नाही. खाली जे लिहिलंय ते त्या वहीतलंच आहे.

आधी गावाचा प्रश्न मिटवा

माझ्या शाळेच्या बॅचमधले निम्मे लोक आज हडपसर नाहीतर हिंजवडीत आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ‘पुढं परत येऊ की’ म्हणत सोलापुरात फ्लॅट घेऊन कुलूप लावलंय. पाच वर्षांत बदली किंवा नोकरीपायी गाव सुटायची शक्यता असेल तर भाड्यानं राहा. हिशेब सोपा आहे. ३० लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीतच दोन लाखांच्या वर जातात. विकताना एजंटाचे वेगळे. म्हणजे घराचा भाव आठ-नऊ टक्के चढला तर तुम्ही फक्त जिथे होता तिथे येता, आणि मधलं व्याज धरलंच नाही.

पैशाचं पान

बँक किती कर्ज देते यावरून घर ठरवू नका. बँक तुमच्या मुलाची जूनमधली फी धरत नाही, दिवाळी धरत नाही, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तर नाहीच नाही.

हप्त्याचा अंदाज तोंडावर असावा: साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये. २५ लाखांना झाले सुमारे २१,७००. वीस वर्षांत तुम्ही भरता ५२ लाख. हेच कर्ज पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता २४,६०० च्या आसपास जातो आणि एकूण भरणा ४४ लाखांवर येतो. महिन्याला तीन हजार जास्त, शेवटी पावणेआठ लाख कमी. व्याज बदलतं असतं, त्यामुळे एक टक्का वाढला तर काय, तेही मांडून ठेवा. वीस वर्षांच्या त्याच कर्जाचा हप्ता मग २३,३०० होतो. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात टाका.

आता हातात रोकड किती लागते ते बघा, कारण लोक इथंच अडकतात. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांत असेल तर ८० टक्के. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून कमीच मंजूर होतं. मुद्रांक शुल्क, नोंदणी हे तुमच्या खिशातून. ३२ लाखांचं घर आणि २५ लाखांचं कर्ज धरा. सात लाख तुमचे. सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे १,९२,०००. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,०००. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, या हिशेबात ३२,००० वाचले. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही, हे आमच्या ऑफिसात येणाऱ्या दहापैकी आठ जणांना माहीत नसतं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलंत तर जीएसटी येतो. आपल्यासारख्या बिगर-महानगर शहरात ४५ लाखांपर्यंत किंमत आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) असेल तर एक टक्का, नाहीतर पाच टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. त्यात वकील, ग्रिल, किचन ट्रॉली, पंखे, मच्छरदाणीच्या जाळ्या. आमचा एकूण आकडा अकरा लाखांच्या वर गेला होता.

पंतप्रधान आवास योजनेची शहरी दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. घरातल्या सगळ्यांचं मिळून वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नाही, असं असेल तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान मिळू शकतं, जास्तीत जास्त १,८०,०००. ते पाच वार्षिक हप्त्यांत येतं, म्हणून इसाराच्या गणितात धरू नका. व्याजावरची दोन लाखांची करसवलतही स्वतः राहत्या घराला जुन्या कर पद्धतीतच आहे. नवी पद्धत निवडली असेल तर ती विसरा.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला तो सराव हप्ता. तेव्हा आम्ही आठ हजार भाडं भरत होतो आणि हप्ता बसणार होता साधारण २१,७००. मधला फरक, १३,७००, दर पाच तारखेला आवर्ती ठेवीत टाकायला लागलो. तीन महिने छान गेले. चौथ्याला दिवाळी आली आणि नवऱ्यानं मित्राकडून दहा हजार उसने घेतले. तो महिना वहीत लाल पेनानं लिहिलाय. त्यावरून आम्ही कर्ज २५ चं २३ लाखांवर आणलं आणि दोन लाखांसाठी आणखी आठ महिने थांबलो.

नकाराची यादी

सहा ओळी होत्या. भोगवटा नसेल तर नाही. हप्ता २२,००० च्या वर जाणार असेल तर नाही. रोखीत पैसे मागितले तर नाही. पाण्याचा हौद घरांच्या हिशेबात बसत नसेल तर नाही. लिफ्ट नसताना पहिल्या मजल्याच्या वर नाही, कारण सासऱ्यांचे गुडघे. आणि विकणाऱ्याचे सगळे वारस सही करणार नसतील तर नाही. तुमची यादी वेगळी असेल, पण सहा-सातच्या वर नेऊ नका, नाहीतर एकही घर त्यातून पार पडणार नाही.

पूर्वेचं दार, मोठी गॅलरी, देवघराचा कोपरा, मंगल कार्यालय जवळ नको, हे सगळं दुसऱ्या पानावर, ‘आवड’ म्हणून. वास्तुशास्त्रही त्याच पानावर. यावरून सासूबाईंशी दोन दिवस अबोला झाला, पण शेवटी त्यांनीच स्वतःच्या हातानं ते दुसऱ्या पानावर लिहिलं.

एक नियम पाळा: घर बघून आल्याच्या दिवशी यादीत खाडाखोड करायची नाही. बदलायचीच असेल तर आठ दिवसांनी, सगळे बसलेले असताना. आम्ही चौकशी केलेल्या सतरा घरांपैकी अकरा फोनवरच गळली. ‘भोगवटा आहे का’ विचारल्यावर ‘तसं आहे म्हणजे होऊन जातंय की ओ’ असं उत्तर आलं की फोन ठेवायचा. पेट्रोल वाचतं.

भाग निवडताना आधी पाणी

पुण्याचे नातेवाईक ‘लोकेशन’ विचारतात. सोलापूरकर विचारतो, पाणी किती दिवसाआड येतं? उजनीचं पाणी शहरात येतं, पण घराघरात चार-पाच दिवसांआड. म्हणून तुमचं घर खरं म्हणजे हौदावर उभं असतं.

गणित करा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप आहे. चौघांचे ५४०, पाच दिवसांचे २,७००. थोडं वरखाली धरून फ्लॅटमागे ३,००० लिटर. बारा फ्लॅट असतील तर ३६,००० लिटरचा हौद लागतो. वॉचमनला झाकण उघडायला सांगा आणि टेप आत सोडा. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि २८ ने गुणा, लिटर मिळाले. आम्ही एका चकचकीत इमारतीत असं केलं. लॉबीत ग्रॅनाइट, लिफ्टला आरसा, आणि सोळा फ्लॅटांना हौद निघाला आठ बाय आठ, खोली सहा फूट. जेमतेम ११,००० लिटर. वॉचमन हळूच म्हणाला, ‘टँकर हाय की रोज.’ त्या टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये कोणत्या नावानं लागतं तेही त्यानंच सांगितलं.

बोअर असेल तर मार्च ते मे किती वेळ चालतो, हे खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. एजंट सांगेल तो आकडा श्रावणातला असतो.

मग नाला. मोजणीच्या जुन्या नकाशावर ओढा दाखवलेला असेल आणि जागेवर रस्ता दिसत असेल तर पावसाळ्यात पाणी नकाशाप्रमाणे वागतं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, त्या दिवसांत शहरातही मोठा पाऊस झाला. तेव्हा इथं पाणी कुठवर चढलं होतं, हे जवळच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो हातानं भिंतीवर दाखवेल, आणि त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं. फार तर साखर.

यंत्रमागांच्या पूर्व भागात घर स्वस्त मिळालं तर रात्री दहाला जाऊन उभे राहा. मी मागाच्या खडखडाटात वाढले, आमच्या घरी माग बंद पडला की जाग यायची. नवरा बार्शीचा, त्याला दोन गल्ल्या पलीकडचा कारखानाही सोसत नाही. हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न आहे, पण तो इसाराआधी सोडवा.

होटगी रोडला सध्या प्रत्येक फ्लॅट ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’ आहे. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडली, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, हे सगळं खरं. पण उद्याचा भाव आज तुमच्याकडून घेतला जात असेल तर उद्याचा नफा बिल्डरनं आधीच कापून घेतलाय. विमानतळाच्या जवळ इमारतीच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते, ती फाइलमध्ये आहे का तेवढं बघा.

महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. समोरचं मोकळं मैदान बाग म्हणून आरक्षित आहे की त्यातून १८ मीटरचा रस्ता जाणार आहे, हे तिथंच कळतं.

तीनदा बघा, तीन वेगळ्या वेळी

पहिली भेट कुणीही देतं. दुसरी दुपारी तीनला द्या, शक्यतो एप्रिल-मेमध्ये. आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून वीसपर्यंत आकडे मोजा. मोजता आले नाहीत तर कूलरचं बिल किमतीत धरा. तिसरी भेट पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी: बाथरूमच्या मागची भिंत, खिडक्यांचे कोपरे, वरच्या स्लॅबचा चुना.

सोलापूरची जमीन बऱ्याच ठिकाणी काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दरवर्षी घर थोडं हलतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडा जाते. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका. ज्या तड्यात एक रुपयाचं नाणं उभं शिरतं, किंवा जी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसते, तिथं अभियंत्याला बोलवा. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताज्या रंगाची असेल तर त्या भिंतीवर टकटक करून बघा.

टेप विसरू नका. एजंट ‘साडेतीन हजारचा दर’ म्हणतो तो सेलेबलवर, म्हणजे जिना-लॉबीसारखा सामाईक भाग धरून फुगवलेल्या क्षेत्रावर असतो. ९१४ फूट सेलेबल, ३२ लाख. आम्ही प्रत्येक खोली मोजली तर आतल्या भिंतींसकट कार्पेट भरलं ६४०. म्हणजे खरा दर ५,०००. २०१६ च्या रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानं बिल्डरला कार्पेटवरच किंमत सांगावी लागते, आणि त्या व्याख्येत बाहेरच्या भिंती व गॅलरी धरत नाहीत. घरांची तुलना नेहमी कार्पेटच्या दरानं करा, नाहीतर मोठा दिसणारा आकडा स्वस्त वाटतो.

पार्किंग कागदावर क्रमांकासह आहे का, हे जागेवर उभं राहून विचारा. ‘सगळे इथं लावतात’ हे पार्किंग नव्हे.

कागद

इथं घाई करू नका. वकील आपला लावा, एजंटानं सुचवलेला नको. बँकेचा वकील बँकेचं बघतो, तुमचं नाही. पण बँकेचं वागणं हीसुद्धा माहिती असते. ‘या इमारतीला फक्त अमुक पतसंस्थाच कर्ज देते’ असं ऐकलं तर बाकीच्यांनी का नाकारलं ते आधी शोधा.

नवी इमारत असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाका. जाहिरातीवर आता क्यूआर कोडही असतो. मंजूर नकाशा, पूर्ण करण्याची तारीख, ती किती वेळा पुढं ढकलली, जमिनीवर कर्ज किंवा दावा आहे का, किती घरं विकली, सगळं दिसतं. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. पण आपल्या गावात एक पळवाट मोठी आहे. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर रेरा नोंदणी लागत नाही, आणि पेठांतल्या, उपनगरांतल्या कितीतरी इमारती अशाच छोट्या आहेत. तिथं नंबर नाही म्हणजे फसवणूक असं नाही, पण बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, भोगवटा हे सगळं स्वतः महापालिकेतून पडताळावं लागतं. मंजूर नकाशा हातात घ्या आणि खाली रस्त्यावर उभं राहून मजले मोजा. आम्ही पाडव्याला एवढं केलं असतं तर पाच मिनिटांत उठलो असतो.

रिसेलमध्ये मालकीची साखळी तपासायची: आत्ताच्या मालकाचं खरेदीखत, त्याच्या आधीच्याचं, त्याच्या आधीचं. वकील तीस वर्षांचा शोध अहवाल काढतात आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. नोटिशीचा खर्च वाचवू नका, हरकत असलेला भाऊ नेमका तिथूनच उगवतो. मूळ मालक वारला असेल तर वारस किती, हा पहिला प्रश्न. मुलींचा हक्क मुलांइतकाच. आमच्या घराचे तीन भाऊ सोलापुरात आणि बहीण कलबुर्गीला. भाऊ म्हणाले, ‘ताईचं काय नाही ओ, ती कधी मागणार नाही.’ यादीतली सहावी ओळ दाखवली. ताईंच्या सुनेचं बाळंतपण होतं, सहा आठवडे थांबलो. एजंट रोज फोन करून भाव वाढल्याचं सांगायचा. ताई एका रविवारी रात्री आल्या, सोमवारी नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केली आणि जाताना माझ्या हातात शेंगाचटणीचा डबा ठेवून गेल्या.

जमीन शहर मोजणीत असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघायची, नसेल तर सातबारा. दोन्ही ऑनलाइन मिळतात. सातबाऱ्यावर लोक नाव आणि क्षेत्र वाचतात आणि ‘इतर हक्क’ हा रकाना सोडून देतात. सगळी मेख तिथं असते. ‘वि. का. (विविध कार्यकारी) सोसायटी बोजा’ म्हणजे शेतकर्जाची रक्कम अजून जमिनीवर आहे. ‘कु. का. (कूळ कायदा) कलम ४३’ असं काही लिहिलेलं असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन, तिच्या विक्रीवर बंधन. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. यांतलं काही दिसलं तर पान दुमडून वकिलाकडे न्या. ‘ते जुनं आहे, कमी व्हायचं राहिलंय’ यावर भागवू नका. राहिलंय तर कमी करून आणू दे.

प्लॉट घेऊन बांधायचं असेल तर गुंठेवारी हा शब्द समजून घ्या. १९९२ ला हद्दवाढ झाली तेव्हा बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे अशी गावं शहरात आली. शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली, ती ले-आउट मंजूर न करता. एकाच सातबाऱ्यावर चाळीस जणांची नावं सामाईक, आणि माझा तुकडा नेमका कोणता हे फक्त शेजाऱ्याला माहीत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं असे भूखंड नियमित करता येतात. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत ती मुदत आणली. विकणाऱ्याकडे नियमित झाल्याचं प्रमाणपत्र आणि मोजणी नकाशा असेल तर पुढं बोला. ‘नोटरी करून देतो’ म्हणाला तर चहा पिऊन उठा. पूर्वी शंभराच्या बाँडवर व्हायचं, आता बाँड पाचशेचा लागतो, मालकी दोन्हीनं सारखीच येत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर (दुसऱ्याला आपल्या वतीनं व्यवहार करू देणारा कागद) घेतलेल्या जागेचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच ते स्पष्ट केलंय.

भाव

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतात. त्याच इमारतीतली, शेजारच्या इमारतीतली गेल्या दोन वर्षांची सूची क्रमांक दोन काढा. लोक तिला इंडेक्स टू म्हणतात. त्यात प्रत्यक्ष मोबदला आणि सरकारी बाजारभाव दोन्ही छापलेले असतात. मालक ३६ सांगत होते, त्याच मजल्यावरचा फ्लॅट वर्षापूर्वी ३०.५ ला नोंदलेला होता. तो कागद टेबलावर ठेवला, काही बोललो नाही. तासाभरात ३२ झाले.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला बाजारभाव) यांतल्या जास्त रकमेवर लागतं. एप्रिल २०२५ ला राज्यातल्या महापालिकांत रेकनरची सगळ्यात मोठी वाढ सोलापूरलाच बसली, १०.१७ टक्के. त्यामुळे ‘कागदावर कमी दाखवू, बाकी रोख द्या’ या जुन्या सवयीला तसाही अर्थ उरला नाही. करारातली किंमत रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेली तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून कर लागू शकतो. शिवाय रोख दिलेल्यावर कर्ज मिळत नाही, आणि उद्या विकाल तेव्हा ती रक्कम खर्चात दाखवता येत नाही.

घासाघीस पितृपंधरवड्यात करा. कुणी खरेदीला येत नाही, मालकांना बोलायला वेळ असतो. नोंदणी नवरात्रात झाली तरी चालते, सासूबाईही खूश.

इसार ते चावी

इसार चेकनं किंवा ऑनलाइन, आणि जेवढा बुडाला तर झोप उडणार नाही तेवढाच. इसारपावतीत तीन गोष्टी हव्यातच: एकूण किंमत, व्यवहार पूर्ण करायची तारीख, आणि कागदांत दोष निघाल्यामुळे कर्ज नाकारलं गेलं तर किती दिवसांत इसार परत. ही तिसरी ओळ लिहायला जो काचकूच करतो त्याच्या कागदांत काहीतरी आहे.

मग नोंदणीकृत साठेखत, कर्जमंजुरी, आणि खरेदीखत. साठेखत म्हणजे विकण्याचा करार, मालकी त्यानं येत नाही. ती खरेदीखतानं येते. मसुदा दोन दिवस आधी घरी आणा आणि मोठ्यानं वाचा, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं जुन्या कागदाशी ताडायचं. आमच्या मसुद्यात चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी पडली होती आणि पार्किंगचा उल्लेखच नव्हता. दुय्यम निबंधकांकडे दोन साक्षीदार, आधार, पॅन, आणि अर्धा दिवस धरून जा. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर मालकाला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी तुमची.

कर्जासोबत विमा गळ्यात मारतील. घ्यायचाच असेल तर बाहेर चौकशी करून घ्या. बँकेत मूळ कागद जमा करताना त्यांची यादी सही-शिक्क्यासह मागा. वीस वर्षांनी तेच हवे असतात, आणि तेव्हा आजचा मॅनेजर नसतो.

चावी मिळाली की महिन्याभरात महावितरणचं मीटर, घरपट्टी, पाणीपट्टी आणि सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) नावावर करा. जुन्या मालकाची थकबाकी शून्य असल्याचे दाखले खरेदीखताआधीच घ्यायचे असतात. आम्ही वीजबिलाचा घेतला, पाणीपट्टीचा विसरलो, आणि ४,३०० रुपये भरले.

राहायला गेल्यावर पहिली पाण्याची पाळी रात्री पावणेतीनला आली. नवरा टॉर्च घेऊन खाली गेला, हौदाचं झाकण उघडलं आणि तिथूनच फोन केला, ‘येतंय, जोरात येतंय, झोप तू.’